लायसन्स मिळते, गाडी येत नाही

आमच्या सोलापुरात सात रस्त्यावरून नई जिंदगीकडे जा किंवा उलट या, वाटेत कुठे ना कुठे एक पाटी दिसेल. 'पंधरा दिवसांत कार. लायसन्सची गॅरंटी.' शहर बदलले तर पाटीचा रंग बदलेल, मजकूर हाच राहील. गाडी किती तास तुमच्या हातात देणार, हे त्या पाटीवर कधी नसते. विचारतही कोणी नाही. घरातला मोठा माणूस जातो आणि दोन प्रश्न करतो. "किती घेणार?" आणि "लायसन्स मिळून जाईल ना?" पहिल्या उत्तरातून पाचशे कमी करून घेतो, दुसऱ्याला 'हो' ऐकतो, पैसे भरतो आणि घरी येऊन सांगतो, सस्त्यात काम झाले.

ते सस्त्यात झालेले नसते, आणि जे झालेले असते त्याला शिकणे म्हणत नाहीत. हे मी जरा कडक शब्दांत लिहिणार आहे. गोड शब्दांत शेजारीपाजारी, नात्यागोत्यात सांगून झाले आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. एखाद्या कोचिंग क्लासने दारावर 'पास होण्याची गॅरंटी' अशी पाटी लावली तर शहाणा पालक आधी संशय घेतो, की हा पोराला शिकवणार आहे की केंद्रावर 'सोय' करणार आहे? तोच पालक ड्रायव्हिंग स्कूलच्या गॅरंटीला मात्र भुलतो. परीक्षेत कॉपी करून पास झालेल्या पोराचे नुकसान फार तर त्याचे स्वतःचे होते. इथे नुकसान रस्त्यावरून चालणाऱ्या तिसऱ्याच माणसाचे होते. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसे गेली. सगळ्याच अपघातांना कच्चे शिक्षण कारण नसते, रस्ते आहेत, दारू आहे, वेग आहे. पण जे आपल्या हातात आहे ते तरी आपण करतो का?

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे आहेत. त्यातला 31 वा नियम सांगतो की खासगी गाडीचे प्रशिक्षण किमान 21 दिवसांचे असावे आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास किमान 10 भरावेत. प्रत्येक शिकणाऱ्याच्या तासांची नोंद नमुना 15 मध्ये ठेवायची असते. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, शिकवणाऱ्याची सही, शिकणाऱ्याची सही. शिकवणारा किमान दहावी पास हवा, त्याला पाच वर्षांचा गाडी चालवण्याचा अनुभव हवा आणि मोटार मेकॅनिकचे शिक्षण हवे. गाडीला दुहेरी पेडल हवे, म्हणजे गरज पडली तर शेजारी बसलेला गाडी थांबवू शकेल. स्कूलचा परवाना दर्शनी भागात लावलेला हवा. 2021 मध्ये सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी योजना आणली. त्यात हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत 29 तास ठरवले, त्यातले 21 तास प्रत्यक्ष गाडीवर. म्हणजे सरकारलाही कळून चुकले आहे की दहा तास कमी पडतात. आणि आपण पंधरा दिवसांच्या पाटीखाली रांग लावून उभे आहोत.

तीन वर्षांपूर्वी मी शिकले तेव्हा माझे वय 42 होते. पहिल्या ठिकाणी चार दिवस काढले. गाडीत आम्ही तिघी, आळीपाळीने. मी घड्याळ लावून पाहिले. घरून उचलणे, दुसरीला घ्यायला वळसा घालणे, पेट्रोल भरणे, उस्तादांचा फोन हे सगळे वजा केल्यावर स्टीअरिंग माझ्या हातात बारा ते पंधरा मिनिटे. पाचव्या दिवशी मी नमुना 15 मागितला. मालक हसून म्हणाले, "मॅडम, इत्ता कोई नै पूछता." मी त्यांना म्हटले, मी पूछती. अर्धी फी परत घेतली आणि दुसरी शाळा शोधली. मालकांच्या वाक्यात मात्र सगळा धंदा आला. कोणी विचारत नाही, म्हणून तो असा चालतो.

आता पैशाचा हिशेब. समजा एकाने पाच हजार सांगितले, पंधरा दिवस, रोज अर्धा तास. कागदावर साडेसात तास झाले, म्हणजे तासाला 667 रुपये. प्रत्यक्षात रोज वीस मिनिटे मिळाली (आणि वीस म्हणजे मी उदार होऊन धरते आहे) तर एकूण पाच तास. तासाला हजार रुपये पडले. शेजारचा साडेसात हजार सांगतो, पण दहा तास भरून देतो, नोंदवहीवर सही घेतो. तो तासाला 750 ने पडला. स्वस्त कोण? ज्याच्याकडे जाऊन पाचशे कमी केल्याचा आनंद घरी साजरा झाला, तोच महाग निघाला. भाजीवाल्याकडे आपण किलोचा भाव विचारतो, पिशवीचा विचारत नाही. इथे पिशवीचा भाव विचारून परत येतो.

काही जण तासांऐवजी किलोमीटर सांगतात. 'रोज पाच किलोमीटर.' ऐकायला भरपूर वाटते. सकाळी सहाला रिकाम्या विजापूर रोडवर पाच किलोमीटर दहा-बारा मिनिटांत संपतात, आणि त्या दहा मिनिटांत शिकण्यासारखे काहीच घडत नाही. सरळ रस्ता, तिसरा गिअर. गाडी शिकायची असते ती चढावर, गर्दीच्या चौकात, मागून हॉर्न वाजत असताना, अरुंद बोळात समोरून टेम्पो आल्यावर.

शिकवणीची पारख करायची असेल तर हातांकडे आणि पायांकडे पाहा. पैसे भरण्याआधी अर्धा तास त्या स्कूलची गाडी जिथे फिरते त्या चौकात उभे राहा. स्टीअरिंगवर किती हात आहेत? मी जिथे जिथे पाहिले तिथे बहुतेक गाड्यांत तीन असतात, दोन शिकणाऱ्याचे आणि एक उस्तादांचा. पाय दिसत नाहीत, पण क्लच आणि ब्रेक शेजारूनच दाबले जात असतात. दुहेरी पेडल जीव वाचवायला दिले आहे, त्याचा उपयोग वेळ वाचवायला होतो. शिकणारी घरी येऊन सांगते, "आज गाडी एकदाही बंद पडली नाही!" कशी पडेल? क्लच तिने दाबलाच नव्हता. हे म्हणजे मुलीचा निबंध मीच लिहून द्यायचा, मीच तपासायचा आणि वर 'छान' असा शेरा मारायचा. चांगला शिकवणारा पहिल्या आठवड्यात खूप बोलतो, दुसऱ्यात कमी आणि तिसऱ्यात जवळजवळ गप्प बसतो. गाडी बंद पडू देतो. मागचे हॉर्न वाजवतात तेव्हा म्हणतो, वाजवू दे, तू परत सुरू कर. माझ्या दुसऱ्या शाळेतले चाचा असे होते. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरूच केली नाही. सीट पुढेमागे कशी करायची, आरसे कसे लावायचे, कुठल्या आरशात काय दिसते आणि काय अजिबात दिसत नाही, यातच तास गेला. मला त्यांचा पाठ पाहून बी.एड.चे दिवस आठवले, फक्त त्यांनी पाठ टाचण काढले नव्हते.

चाचणीची तयारी हा तर पाठांतराचा कळस. 'खांब मागच्या खिडकीत दिसला की स्टीअरिंग एक पूर्ण फिरवा, मग अर्धे सोडा.' या सूत्राने मैदानावरचा एच निघतो. बाजारात तो खांब नसतो. आमच्याकडे परीक्षेआधी अपेक्षित प्रश्नसंच विकले जातात, त्यांचाच हा चारचाकी अवतार. लर्निंगच्या परीक्षेची गोष्ट आणखी सोपी करून टाकली आहे. 2021 पासून आधार जोडून घरबसल्या ती देता येते. सोय चांगली होती. पण कित्येक ठिकाणी उमेदवार कॅमेऱ्यासमोर बसतो आणि सायबर कॅफेतला मुलगा शेजारून उत्तरे दाबतो. 'नो एंट्री' आणि 'नो पार्किंग' यांच्या पाट्यांतला फरक न कळणाऱ्या माणसाच्या हाती त्या दिवशी कागद येतो, आणि घरात पेढे वाटले जातात.

एक गोष्ट शिकवणाऱ्याच्या बाजूनेही बोलली पाहिजे. स्कूलचा मालक वेगळा असतो आणि गाडीत बसणारा उस्ताद वेगळा. उस्ताद सकाळी साडेपाचला गाडी काढतो, दिवसाला दहा-बारा जणांना फिरवतो आणि महिन्याच्या शेवटी जे हातात पडते ते तासिका तत्त्वावर राबणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांच्या पगारासारखेच असते, म्हणजे सांगायची लाज वाटावी असे. तुम्ही काउंटरवर पाचशे कमी करता ते मालकाच्या खिशातून जात नाहीत. ते तुमच्या मिनिटांतून जातात. तुमच्या वेळात आणखी एक शिकाऊ बसवला जातो आणि हिशेब जुळतो. म्हणून घासाघीस करायचीच असेल तर तासांसाठी करा. "फी तुमचीच, पण गाडीत मी एकटी, आणि दहा तास पूर्ण." हे बोलून पाहा. निम्म्या ठिकाणी मालक मान्य करतात, कारण पहिल्यांदाच कोणीतरी कामाचे बोलले.

आता ज्या विषयावर आपल्या वस्तीत आवाज खाली जातो त्याकडे येते. मुलीला गाडी शिकवायची म्हटले की पहिला सवाल, गैर मर्दाच्या शेजारी बसून? सवाल करणारे बहुधा तेच असतात ज्यांची मुलगी रोज अनोळखी रिक्षावाल्याच्या मागे बसून कॉलेजला जाते. तिथे दीन आड येत नाही, कारण तिथे मुलगी फक्त बसलेली असते. चालवायला लागली की सगळ्यांना सगळे आठवते. ज्या सौदीचा दाखला वर्षानुवर्षे दिला गेला, तिथे 24 जून 2018 पासून स्त्रिया गाडी चालवतात. त्यानंतर दाखला देणाऱ्यांनी विषय बदलला, मत बदलल्याचे मी तरी ऐकले नाही. बरे, संकोच खरा असू शकतो, मी तो उडवून लावत नाही. शिकवणारी बाई मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर मागच्या सीटवर आई, बहीण, खाला बसू शकते. परवानगी आधीच विचारून घ्यावी आणि जो मालक याला नाही म्हणतो त्याच्याकडे जाऊच नये. शिकवताना हाताला हात लावायची गरज पडत नाही, 'डावीकडे' हा शब्द पुरेसा असतो. ज्याला पुरत नाही त्याला बदलून मागा, त्याच दिवशी. पोरीला हे आधीच सांगून पाठवा की असे झाले तर घरी सांगायचे, आणि सांगितल्यावर क्लास बंद होणार नाही, माणूस बदलला जाईल. पोरी गप्प बसतात त्या क्लास बंद होण्याच्या भीतीने.

हा खर्च कुणावर करायचा याचा क्रमही बघण्यासारखा असतो. मुलगा असेल तर तो ईदगाह मैदानावर मामूच्या गाडीवर 'आपोआप' शिकतो, सोळाव्या वर्षीच. अब्बांना त्याचा अभिमान असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे सांगितले की अब्बा हसतात, "टीचर, कौन पकडता?" मुलगी असेल तर 'लग्नानंतर नवऱ्याने हो म्हटले तर शिकेल'. आणि बायको असेल तर नवरा स्वतः शिकवतो. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या किती बायका आज गाडी चालवतात ते आपापल्या खानदानात मोजा. माझ्याकडे मोजणी शून्यावर थांबली. शेजारी बसून ओरडणे याला शिकवणे म्हणत नाहीत, एवढे तर आम्ही शाळेतही मान्य केले आहे, आणि तेही उशिराच.

यात गंमत अशी की आपल्याच माणसांना खरी किंमत मोजता येते. दुबईत ड्रायव्हरच्या नोकरीला गेलेला भाचा तिथल्या शाळेची फी बिनबोभाट भरतो, नापास झाला तर पुन्हा भरतो. तिथे तो म्हणत नाही, मामू किसी को बोलो ना. तोच इथे असताना दोन फेऱ्यांत लायसन्स घेऊन बाहेर पडला होता.

तर बजेट. सरकारी शुल्क फार नाही. लर्निंगचे 150, त्याच्या चाचणीचे 50, पक्क्याच्या चाचणीचे 300. कार्ड, टपाल सगळे धरून एका वर्गाच्या लायसन्सचे काम हजाराच्या आसपास होते. त्यावर दोन-तीन हजार मागणारा एजंट फॉर्म भरण्याचे पैसे घेतो. तो फॉर्म परिवहनच्या साइटवर दहावी शिकलेली मुलगी भरू शकते. खासगी गाडीच्या लायसन्सला ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र सक्तीचे नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसते. म्हणून 'आमच्याशिवाय लायसन्स होत नाही' असे म्हणणाऱ्याकडून उठून यावे. शाळा हवी ती शिकण्यासाठी. एजंटाचे वाचलेले दोन-तीन हजार तासांत घाला.

शाळेचे साडेसात हजार धरा. मग येतो तो खर्च ज्याला कोणी धरतच नाही, तो सरावाचा. पंधरा दिवसांचा क्लास संपतो, आणि पक्क्या लायसन्सची चाचणी लर्निंगनंतर तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. मधल्या काळात हात गाडीला लागत नाही आणि शिकलेले विरून जाते. लर्निंग सहा महिने चालते. ते सहा महिने म्हणजे शिकण्याची मुदत आहे, पण आपण तिला वाट पाहण्याची मुदत समजतो. पाचशे किलोमीटरचा सराव धरला, गाडी लिटरला पंधरा देते असे धरले, तर तेहतीस लिटर पेट्रोल, साडेतीन हजार रुपये. लाल अक्षरातली एल पाटी पुढे-मागे, शेजारी लायसन्स असलेला शांत माणूस. (शांत हा शब्द कायद्यात नाही, मी घातला.) स्वतःच्या गाडीवर त्याच उस्तादांचे आणखी पाच तास, रात्रीचे एक, पावसातले एक, हायवेवरचे एक असे निवडून घेतलेले, आमच्याकडे तासाला पाचशेपर्यंत घेतात, म्हणजे अडीच हजार. आणि पाच हजार बाजूला, बंपरला ओरखडा येणारच म्हणून. लहान ओरखड्यासाठी विम्याचा क्लेम केला तर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो, तेव्हा ते पैसे खिशातून दिलेलेच बरे. सगळे मिळून वीस हजारांच्या आत.

घरात सहा लाखांची गाडी येते तेव्हा हे वीस हजार शेकडा साडेतीनही भरत नाहीत. पण गाडीचा हिशेब लिहिलेली वही उघडून बघा. सीट कव्हर आहे, म्युझिक सिस्टीम आहे, मागच्या काचेवर 'माशाअल्लाह' लिहिण्याचे पैसे आहेत. नंबरात 786 यावेत म्हणून जादा शुल्क भरलेले आहे. चालवणारीला चालवायला यावे, या नावाची ओळ त्या वहीत नाही. मी एका घरात हे बोलले तर उत्तर आले, "टीचर, बरकत का नंबर है." असेल. समोरून येणाऱ्या पोराला तो नंबर वाचायलाही वेळ मिळत नाही.

गाडी घरात नाही, ती घ्यायची ऐपतही नाही, त्यांनी हे कशाला वाचायचे, असे एका ओळखीच्या बाईंनी विचारले. त्यांनीच जास्त वाचावे. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांचे कच्चे शिक्षण पुढे सरावाने थोडेफार पक्के होते. ज्यांना त्या शिक्षणावर नोकरी करायची आहे, शाळेची व्हॅन चालवायची आहे, कुणाच्या आजारी आईला रात्री दवाखान्यात न्यायचे आहे, त्यांच्यासाठी ते दहा तास हीच सगळी पुंजी असते. त्यांच्याच दहातले पाच चोरीला जातात, आणि परत मागायला त्यांच्याकडे आवाज नसतो. त्या बाईंची मुलगी बारावी झाली आहे, तिला शिकायचे आहे. तिच्यासोबत मी पुढच्या सोमवारी जाणार आहे. फी ठरवण्याआधी नमुना 15 ची वही बघायला मागणार, गाडीची पेडले बघणार, एक दिवस मागच्या सीटवर बसणार. पावतीवर 'पंधरा दिवस' लिहायला लागले तर थांबवून 'दहा तास' लिहून घेणार, सहीसकट. मालकांनी नाही म्हटले तर पुढच्या चौकात दुसरी पाटी आहे, तिथेही आम्ही हीच वही मागू.